दहा दिवसांचा चुना

यांची बदली जयपूरला झाली तेव्हा माझी वास्तुकलेची पदवी ट्रंकेच्या तळाशी जाऊन बरीच वर्षं झाली होती. सांगलीला शिकले, लग्न झालं, आणि मग बँकेच्या बदल्यांमागे गावं बदलत राहिले. दर तीन वर्षांनी सामान बांधायचं, मुलीची शाळा शोधायची, गॅसचं कनेक्शन लावून घ्यायचं. कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर मी म्हणायची, "काही नाही, घरीच असते." हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले होते की ते खरंच झालं होतं.

जयपूरच्या सोडाला भागात आम्हाला सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. एप्रिल लागला की भिंतीला पाठ टेकवत नसे. पहिल्याच उन्हाळ्यात घरमालकांना विचारून मी गच्चीवर स्वतः चुन्याची सफेदी मारली, एकावर एक तीन हात. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी फरशीवर पालथी पडून अभ्यास करत होती. एरवी ती त्या वेळेला ओला टॉवेल डोक्यावर घेऊन फिरायची. खालच्या मजल्यावरच्या बायका बघायला आल्या, मग शेजारच्या इमारतीतून बोलावणं आलं. असं करत करत मी त्या कामात शिरले.

शहरात एक लहानशी संस्था होती. कमी सिमेंटची, उन्हाळ्यात थंड राहणारी, पावसाचं पाणी धरून ठेवणारी घरं बांधा, असं वस्त्यांमधून फिरून सांगणारी. त्यांनी मला बोलावलं आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र दिलं. त्यावर माझ्या नावाखाली 'वास्तुविशारद' असं छापलं होतं. त्या दिवशी मी ते कार्ड गळ्यात तसंच ठेवून स्वयंपाक केला. मुलगी हसली, तेव्हा कुठे लक्षात आलं.

चुन्याबद्दल मला माहीत होतं ते पुस्तकातलं. हाताला शिकवलं ते आमेरच्या एका म्हाताऱ्या गवंड्यानं. सगळे त्यांना उस्तादजी म्हणत, मीही म्हणू लागले. जुन्या हवेल्यांच्या डागडुजीत त्यांचं आयुष्य गेलं होतं. आता असलं काम वर्षाकाठी एखादं मिळे. मुलगा गुजरातेत टाइलच्या कारखान्यात होता. सून मात्र त्यांच्याबरोबर कामाला यायची. डोक्यावरचा पदर दातात धरून ती असा चुना मळायची की मला माझ्या आईचं पाट्यावर पुरण वाटणं आठवे.

"चुना म्हणजे दही समजा, मॅडमजी," उस्तादजी म्हणायचे. "लावून ठेवायचं आणि त्याला एकटं सोडायचं. सारखं झाकण काढून बघितलं तर पाणी सुटतं."

आम्ही दोघं वस्त्यावस्त्यांतून फिरायचो. मी पत्र्याचे दोन डबे घेऊन जायची. एकाचं झाकण सिमेंटचं, एकाचं चुन्याचं, आत थर्मामीटर. उन्हात तासभर ठेवून मी आकडे वाचून दाखवायची आणि लोक जांभया द्यायचे. मग उस्तादजी उठायचे, समोरच्या एखाद्या आजीबाईंचा हात धरून एका डब्यावर ठेवायचे, मग दुसऱ्यावर. "आता बोला." सगळ्या हसायच्या आणि हात लावायला पुढे यायच्या.

पण घरी जाताना बहुतेक लोक एकच बोलत. सोडाल्याच्या मागच्या एका वस्तीत एक माणूस मला म्हणाला होता, "बहनजी, माझ्या बापानं चुन्या-मातीच्या घरात दिवस काढले. आता कुठे आमच्या डोक्यावर सिमेंटचं लेंटर पडलं, आणि तुम्ही आम्हाला परत मागे न्यायला आलात." उस्तादजींनी त्याच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

जयपूरजवळच्या बगरूला आम्हाला पहिलं घर मिळालं. हातानं ठसे मारून कापड छापणाऱ्यांची ती गल्ली. तिथल्या एका विधवा बाईंचा छपाईचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली आणि पुढे अंगण. सगळी गल्ली त्यांना जीजी म्हणायची. आवाज मोठा, नखांमध्ये कायमची नीळ बसलेली. खोलीवर दगडी पट्ट्यांचं छत होतं. वर घातलेल्या सिमेंटला भेगा पडल्या होत्या आणि उन्हाळ्यात आत तवा तापायचा. ठसा रंगात बुडवून कापडापर्यंत आणेतो त्यावरचा रंग सुकायचा. मागच्या ज्येष्ठात एक छपाई करणारी बाई पाटावरच चक्कर येऊन पडली होती.

जीजींनी आमचं सगळं ऐकून घेतलं. जुनं सिमेंट काढायचं, पट्ट्यांवर विटांचे तुकडे आणि चुना घालून आपल्याकडे कोबा म्हणतात तसा घट्ट बडवायचा, वरून पांढरा हात.

"गल्लीत कुणी करत नाहीये, म्हणून मी करते," त्या म्हणाल्या. "पण बहनजी, माझं सगळं कापड याच खोलीत असतं. दुसरी जागा नाही मला. पाणी आलं तर मी संपले."

"नाही येणार," मी म्हटलं. उस्तादजींनी मान वर केली होती. ते छताकडे बघत होते.

एप्रिलच्या सुरुवातीला अंगणात खड्डा खणून कळीचा चुना विझवायला टाकला. पाणी पडताच तो रटरटला, वाफा आल्या, गल्लीतली सगळी माणसं कडेला उभी राहिली. उस्तादजींनी वर ओली पोती पसरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "एक महिना. त्याच्या आत मी हात लावणार नाही."

त्यानंतर आठवडाभरानं संस्थेच्या प्रमुखांचा फोन आला. ज्यांच्या मदतीवर संस्था चालत होती ते पाहुणे दिल्लीहून येणार होते, याच महिन्यात. "घर पूर्ण झालेलं असेल तर उत्तम," ते म्हणाले. "नसेल तर खड्डा दाखवू, फोटो दाखवू. बघा तुम्ही."

त्यांनी मला जबरदस्ती केली नव्हती. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला तसं सांगत होते.

मला ते घर पूर्ण झालेलं हवं होतं. पाहुणे त्या पांढऱ्या छताखाली उभे राहतील, आणि कुणीतरी म्हणेल की हे या बाईंनी केलं, एवढं मला हवं होतं. इतकी वर्षं मी कुणाची तरी बायको म्हणून पार्ट्यांमध्ये उभी राहिले होते.

दहाव्या दिवशी मी उस्तादजींना घेऊन बगरूला गेले. त्यांनी पोतं उचललं, चिमूटभर चुना काढून अंगठा आणि बोटामध्ये चोळला, आणि मग माझा हात पुढे घेऊन माझ्या बोटांवर ठेवला.

"बघा. कण लागतो?"

लागत होता. बारीक, रव्यासारखा.

"थोडासा आहे," मी म्हटलं. "गाळून घेऊ की."

"गाळून जाडा कण जाईल. बारीक राहील. तो आत बसून नंतर फुगतो, मॅडमजी. वीस दिवस थांबा."

"मी वाचलंय, दहा दिवसांतही चालतं. बडवायलाही तुमचे आठ दिवस नकोत, माणसं वाढवू, चार दिवसांत होईल."

"नाही होणार."

आणि मग मी ते वाक्य बोलले. आवाज न चढवता, अगदी अदबीनं. "मग मला दुसरा कुणी बघावा लागेल, उस्तादजी."

त्यांची सून जवळच उभी होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. उस्तादजी बराच वेळ खड्ड्याशी बसून राहिले. त्यांना दोन वर्षांत स्वतःचं असं ते पहिलं काम मिळालं होतं, मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी तसं बोलले होते. शेवटी ते उठले, हात धुतले आणि सुनेला म्हणाले, "चाळणी आण."

काम वेळेत झालं. गल्लीतल्या बायका ओळीनं बसून लाकडी थाप्यांनी कोबा बडवत होत्या, गाणी म्हणत होत्या. पाहुणे आले, त्यांनी छपाईचं कापड विकत घेतलं, छताखाली उभे राहून "वाह, कितना ठंडा है" म्हणाले. मी बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. उस्तादजी अंगणाच्या कडेला, कापड भिजवायच्या हिरड्याच्या पाण्याच्या हौदाशी बसले होते. ते फोटोत आले नाहीत.

आणि खोली खरंच थंड झाली होती. जीजींचे फोन येत. "बहनजी, आज दुपारी मी तिथेच झोपले, पंख्याशिवाय!" गल्लीतल्या आणखी चार घरांनी होकार दिला. मला वाटू लागलं की उस्तादजी उगीचच घाबरत होते.

जुलैत चार-पाच पाऊस होऊन गेल्यावर एक दिवस सकाळी जीजींचा फोन आला. त्या नुसत्या "आइए" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

छताला जागोजाग फोड आले होते. फुटून वाटीएवढे खड्डे पडले होते आणि तिथून भेगा गेल्या होत्या. रात्रभर पाणी गळत होतं, चुन्याचं पाणी. खाली घड्या करून ठेवलेलं कापड होतं. छापलेलं, पण अजून उकळून रंग पक्का न झालेलं. फुलांच्या जागी तपकिरी ओघळ, पिवळ्यावर पांढरे डाग. दोन बायका कापडाचं एकेक थान उलगडून अंगणात टाकत होत्या, आणि प्रत्येक थान उलगडलं की जीजी "हे पण" एवढंच म्हणत होत्या.

उस्तादजी आमेरहून दोन बस बदलून पोचले तोवर गल्ली जमली होती. संस्थेचे प्रमुखही आले होते. एक जण ओरडला, "आम्हीही करणार होतो हे! कुणाची चूक आहे, ते सांगा आधी."

मी तोंड उघडलं होतं. प्रमुख माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "आत्ता काही बोलू नका, लोक तापलेत." मी थांबले. त्या एका क्षणात उस्तादजी पुढे झाले.

"चुना माझ्या हातचा होता," ते म्हणाले. "कच्चा राहिला. चूक माझी."

कुणीतरी त्यांना शिवी दिली. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला दिसत नसेल तर घरी बसावं. जीजींनी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्या पाठ फिरवून आत गेल्या. भर पावसाळ्यात इतक्या लांबून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्या गल्लीत कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. मी तिथे उभी होते. माझ्या गळ्यात कार्ड होतं.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. त्यांची सून पुढच्या बाकावर.

"उस्तादजी, तुम्ही असं का सांगितलंत?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "तुमचं नाव घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, हे शिकलेले लोक चुन्याच्या नावानं फसवतात. माझं घेतलं तर म्हणतील, म्हातारा बिघडलाय. चुना तरी राहील."

"मी सांगते उद्या जाऊन. खरं सांगते."

"सांगा," ते म्हणाले. बस्स, एवढंच. त्यात राग नव्हता, आणि भरवसाही नव्हता.

मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. संस्थेनं जीजींना भरपाई दिली, त्याचा अहवाल झाला. त्यात 'कारागिराकडून प्रक्रियेत त्रुटी' असं एक वाक्य होतं. मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता. मी त्यातल्या दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या.

चुनाही राहिला नाही. ती चार घरं मागे फिरली. जीजींनी खोलीवर पत्रे टाकले. उस्तादजींचं नाव संस्थेच्या यादीतून गेलं, आणि आमेरमध्येही बातमी पोचली असावी, कारण जुन्या कामांनाही त्यांना कुणी बोलावेना. दिवाळीनंतर मी एकदा आमेरला दुसऱ्याच कामानं गेले होते. एका गेस्टहाऊसच्या बाहेर ते दिसले. सिमेंटचं घमेलं उचलत होते, न्हाणीघराच्या टाइल बसवणाऱ्या पोरसवदा मिस्त्रीच्या हाताखाली. मी रिक्षा थांबवली नाही.

जानेवारीत मुलीच्या कॉलेजमध्ये पर्यावरणावर काहीतरी प्रकल्प होता. ती मला विचारत बसली, "आई, तुझं ते बगरूवालं घर, त्यावर लिहू का? ते फेल का झालं?"

मी तिला सांगितलं. का कुणास ठाऊक, सगळं सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं.

"मतलब, तू तिकडे उभी होती आणि काहीच नाही बोलली?"

"नाही."

"आणि ते दादाजी? त्यांना पण सॉरी नाही बोलली?"

तिचं मराठी असंच आहे, हिंदीच्या चालीवर चालणारं. मी एरवी तिचे शब्द सुधारते. त्या दिवशी एकही सुधारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी बगरूला गेले. जीजी पत्र्याखाली बसून कापडावर रेघा आखत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. महिनाभर थांबायचं होतं, दहा दिवसांत मी करायला लावलं, त्यांनी नाही म्हटलं होतं, दुसरा माणूस बघेन असं मी धमकावलं.

मग त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"सहा महिने," त्या म्हणाल्या. "सहा महिने तुम्ही हे पोटात ठेवून बसलात? माझ्या कापडाचं जाऊ द्या, कापड परत छापलं. त्या माणसाला मी माझ्या दारात पाणी विचारलं नाही. माझ्या दारात!"

मी माफी मागायला लागले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "माझी नका मागू. चला. आत्ता चला. मला त्यांचं घर दाखवा."

आमेरला पोचायला दुपार झाली. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तरी त्या पुढे जाऊन एका अनोळखी बाईजवळ बसल्या.

दार सुनेनं उघडलं. उस्तादजी आतल्या खाटेवर होते. पंधरा दिवसांपूर्वी गेस्टहाऊसच्या जिन्यातच त्यांना झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलगा येऊन परत गेला होता. सून म्हणाली, "ऐकू येतं त्यांना. पण कळतं की नाही, सांगता येत नाही."

जीजी खाटेशी खाली बसल्या. त्यांचा तो मोठा आवाज त्यांनी आणखी मोठा केला, जणू ते पलीकडच्या डोंगरावर होते. "उस्तादजी! मी बगरूची! तुमची चूक नव्हती! मला आज कळलं! मी गल्लीत सगळ्यांना सांगणार आहे!" त्यांनी हे तीनदा सांगितलं. उस्तादजींचे डोळे उघडे होते. ते जीजींकडे वळले, मग दाराकडे, आणि तिथेच थांबले. दारात मी होते. त्यांनी मला बघितलं की नुसता उजेड बघितला, मला माहीत नाही. मी जवळ गेले, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि जे बोलायचं होतं ते बोलले. हात कोमट होता. माझ्या हातावर त्याची काहीच पकड नव्हती.

सुनेनं चहा केला. मी तिलाही म्हटलं, "मला माफ कर." ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी बोलला असतात तर बाबा घमेली उचलायला गेले नसते." तक्रारीच्या सुरात नाही, हिशेब सांगावा तशीही नाही. जे होतं ते तिनं सांगितलं आणि कप उचलून आत गेली.

जीजींनी गल्लीत खरंच सगळ्यांना सांगितलं. मीही संस्थेला पत्र लिहून ते वाक्य बदलायला लावलं, आणि कार्ड परत दिलं. प्रमुख म्हणाले, एवढं मनाला लावून घेऊ नका. आता मी कधीमधी आमच्याच कॉलनीत बोलते, कुणी विचारलं तर गच्चीवर येऊन सफेदी कशी मारायची ते दाखवते. कोब्याचं मात्र मी कुणाला सांगत नाही. तेवढं धाडस उरलेलं नाही.

होळीनंतर उस्तादजी गेले. सुनेनं मला फोन केला, मी जीजींना. "अच्छा," त्या म्हणाल्या, आणि विचारलं, "तीये की बैठक कधी आहे?" इकडे तिसऱ्या दिवशी भेटायला जायची रीत आहे.

आम्ही दोघी वेगवेगळ्या बसनं गेलो. घरापुढच्या मोकळ्या जागेत सतरंज्या अंथरल्या होत्या. एका बाजूला पुरुष, त्यात बरेचसे गवंडी असावेत, नखांच्या कडा पांढऱ्या झालेले. दुसऱ्या बाजूला बायका. आम्ही कोपऱ्यात बसलो. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी जीजींना विचारलं, "आपण कुठल्या? यांच्या कोण?"

"बगरूची," जीजी म्हणाल्या. "माझ्या घराचं छत यांनी घातलं होतं."

"अच्छा, अच्छा," म्हातारी म्हणाली आणि तिनं हात जोडले.

जीजींनी पदर पुढे ओढला. मला कुणी काही विचारलं नाही.